मातीतला सुरक्षाबंध : ग्रामीण भागातील अर्थिंग आणि त्याचे अर्थकारण

वीज किती गावांत आणि किती घरांत पोहोचली याची नोंद काटेकोरपणे ठेवली जाते. तीच वीज दोष उद्भवल्यावर जमिनीत सुरक्षितपणे उतरते की नाही, याची नोंद मात्र सहसा कोठेही नसते. विहिरी, नदीकाठचे पंप आणि जनावरांचे गोठे यांच्या संदर्भात अर्थिंगचे विज्ञान, कायदा आणि अर्थकारण यांचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

२५ जून २०२३ रोजी नवी दिल्ली रेल्वे स्थानकाबाहेर साचलेले पाणी ओलांडताना एका महिलेने आधारासाठी विजेचा खांब धरला आणि विजेच्या धक्क्याने तिचा मृत्यू झाला. जुलै २०२४ मध्ये दिल्लीच्याच पटेलनगर भागात नागरी सेवा परीक्षेची तयारी करणारा एक तरुण पाणी तुंबलेल्या रस्त्यावरून जात असताना लोखंडी फाटकाला स्पर्श होऊन मरण पावला. या दोन्ही घटनांत मृत व्यक्तीचा हात उघड्या तारेला लागला नव्हता. एरवी निरुपद्रवी असलेल्या खांबात व फाटकात वीज उतरली होती.

देशाच्या राजधानीत घडल्यामुळे या घटनांची राष्ट्रीय पातळीवर चर्चा झाली. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांनुसार अलीकडील वर्षांत देशात विजेच्या धक्क्याने दरवर्षी बारा हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडतात. विहिरीवरील पंप, शेतातील तुटलेली तार, ओला गोठा अशा ठिकाणी होणाऱ्या मृत्यूंची चर्चा बहुधा तालुक्यापलीकडे जात नाही. जनावरांचे मृत्यू तर या आकडेवारीत धरलेलेच नसतात.

भूसंपर्कन म्हणजे काय?

घरगुती जोडणीत तीन तारा असतात : विद्युतभारित तार, तटस्थ तार आणि भूसंपर्क तार. पहिल्या दोन तारांतून नेहमीची विद्युतधारा वाहते. तिसरी तार नेहमी रिकामी असते. उपकरणातील वेष्टन खराब होऊन त्याच्या धातूच्या अंगावर वीज उतरली, तर तिला जमिनीकडे जाण्याचा सोपा मार्ग मिळावा हे या तारेचे काम. व्यवहारात ‘अर्थिंग’ या शब्दाने ओळखली जाणारी ही व्यवस्था म्हणजे भूसंपर्कन होय.

जमिनीत पुरलेला पाइप किंवा पट्टी हा या व्यवस्थेचा शेवटचा दुवा. भारतीय मानक आयएस ३०४३ मध्ये त्याची रीत सविस्तर दिली आहे. हे मानक प्रथम १९६६ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे १९८७ व २०१८ मध्ये त्याची सुधारणा झाली. खड्ड्यात पाइपभोवती कोळसा व मीठ यांचे थर देणे आणि उन्हाळ्यात त्यात पाणी ओतत राहणे ही परिचित पद्धत आहे. मात्र मीठ काही वर्षांत पाण्याबरोबर वाहून जाते आणि तोवर लोखंडी पाइपही गंजवते. त्यामुळे एकदा केलेले अर्थिंग कायम टिकते, ही समजूत चुकीची ठरते.

विद्युतधारा जमिनीत शिरते तेव्हा तिच्या प्रवेशबिंदूपाशी विद्युतदाब सर्वाधिक असतो आणि दूर जाऊ तसा तो कमी होत जातो. म्हणून अशा ठिकाणी उभ्या असलेल्या माणसाच्या दोन पावलांमध्येही दाबाचा फरक पडतो. याला ‘पाऊल-विद्युतदाब’ म्हणतात. धातूच्या वस्तूला लावलेला हात आणि जमिनीवरील पाय यांच्यातील फरकास ‘स्पर्श-विद्युतदाब’ म्हणतात. गाय, बैल व म्हैस यांच्या पुढच्या आणि मागच्या पायांत माणसाच्या पावलापेक्षा जास्त अंतर असते आणि त्यांच्यामधून वाहणारी धारा छातीजवळून जाते. तुटलेल्या तारेजवळ माणूस वाचतो आणि जनावर दगावते, याचे हे एक प्रमुख कारण आहे.

मानवी शरीराला सुमारे एक मिलीअँपिअर धारा जाणवते. दहा मिलीअँपिअरच्या आसपास स्नायू आखडतात आणि धरलेली वस्तू सोडता येत नाही. तीस मिलीअँपिअरच्या पुढे धारा काही काळ टिकल्यास हृदयाची लय बिघडण्याचा धोका वाढत जातो. ओल्या त्वचेच्या माणसाचा रोध सुमारे १,००० ओहम मानला, तर ५० व्होल्ट दाबालाही ५० मिलीअँपिअर धारा वाहू शकते.

काला अंब ते दख्खन : माती बदलते, रोध बदलतो

अर्थिंगचा दर्जा पाइपाइतकाच मातीवर अवलंबून असतो. पानिपतजवळील काला अंब हे स्थान मराठी वाचकांना १७६१ च्या लढाईचे स्मारक म्हणून परिचित आहे. आज हा परिसर राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात मोडतो. भोवतालचा प्रदेश यमुनेच्या गाळाचा असून तेथे गहू, भात, कूपनलिका आणि दुभत्या म्हशी यांवर ग्रामीण अर्थव्यवस्था उभी आहे. सर्व गावांत वीज पोहोचविणारे देशातील पहिले राज्य असा मान हरियाणाने १९७० मध्येच मिळविला होता. महाराष्ट्राच्या मोठ्या भागात मात्र काळ्या मातीच्या थराखाली मुरूम आणि बेसाल्ट खडक आहे.

या दोन भूप्रदेशांची तुलना एका सोप्या उदाहरणाने करता येईल. अडीच मीटर लांबीचा आणि चार सेंटिमीटर व्यासाचा पाइप उभा पुरल्यास त्याचा भूसंपर्क रोध मातीच्या विशिष्ट रोधाच्या सुमारे एक तृतीयांश येतो. ओलसर गाळाच्या मातीचा विशिष्ट रोध ३० ओहम-मीटर धरला, तर पाइपाचा रोध साधारण १० ओहम होईल. कोरड्या मुरमाड जमिनीत विशिष्ट रोध ३०० ओहम-मीटर धरला, तर तोच पाइप १०० ओहम रोध दाखवील.

आता रोहित्राच्या तटस्थ बिंदूचा भूसंपर्क रोध ५ ओहम आहे आणि २३० व्होल्टची एक फेज पंपाच्या लोखंडी अंगाला चिकटली आहे, असे समजू. गाळाच्या जमिनीत दोषधारा २३० भागिले १५, म्हणजे सुमारे १५ अँपिअर होईल आणि पंपाच्या अंगावर सुमारे १५३ व्होल्ट दाब राहील. मुरमाड जमिनीत दोषधारा जेमतेम २.२ अँपिअर असेल आणि पंपाच्या अंगावर सुमारे २१९ व्होल्ट दाब राहील. पाच अश्वशक्तीच्या त्रिफेज पंपासाठी १५ ते २० अँपिअरचा फ्यूज वापरला जातो. पहिल्या उदाहरणातही तो लगेच वितळेल याची खात्री नाही. दुसऱ्या उदाहरणात तर तो वितळणारच नाही. पंप चालू राहील, पाणी येत राहील आणि स्पर्श करणाऱ्यास प्राणघातक धक्का बसेल.

या गणिताचा निष्कर्ष महत्त्वाचा आहे. केवळ पाइप पुरल्याने, अगदी चांगल्या मातीत पुरल्यानेही, संरक्षण पूर्ण होत नाही. त्याच्या जोडीला गळती ओळखणारे साधन हवे. बाजारात ईएलसीबी किंवा आरसीसीबी या नावाने मिळणारे हे साधन जाणारी व परतणारी धारा यांची सतत तुलना करते. काही मिलीअँपिअर धारा वेगळ्या मार्गाने गेली, तरी ते क्षणार्धात पुरवठा तोडते. वरील दोन्ही उदाहरणांत फ्यूज अपुरा ठरतो, तेथे १०० मिलीअँपिअरचे असे साधनही पुरवठा बंद करते. अर्थिंग आणि गळतीसंरक्षण ही एकाच व्यवस्थेची दोन अंगे आहेत.

विहीर, नदीकाठ आणि पाणबुडी पंप

भूजलाची पातळी खालावत गेली तसे काठावरचे पंप मागे पडून पाणबुडी पंप वाढले. या बदलाचा अर्थिंगवर झालेला परिणाम फारसा लक्षात घेतला जात नाही. पाणबुडी मोटारीस प्रायः तीन तारांची चपटी केबल जोडलेली असते. तिच्यात भूसंपर्कासाठी स्वतंत्र तार नसते. मोटार लोखंडी पाइपाला लटकत होती तोवर तो पाइपच भूसंपर्काचे काम करीत असे. आता लोखंडी पाइपाऐवजी गंज न लागणारा, हलका प्लॅस्टिक पाइप आला आहे. पाण्याचा मार्ग सुधारला, परंतु विजेचा परतीचा मार्ग नकळत नाहीसा झाला. अशा ठिकाणी मोटारीच्या अंगापर्यंत स्वतंत्र भूसंपर्क तार नेणे आवश्यक ठरते.

उघड्या विहिरीत, कालव्यात किंवा नदीत धोक्याचे स्वरूप आणखी वेगळे असते. गोडे पाणी मानवी शरीराच्या तुलनेत विजेचे कमी सुवाहक असते. त्यामुळे गळती असलेल्या पाण्यात उतरलेल्या माणसाचे शरीर धारेला अधिक सोपा मार्ग पुरविते. स्नायू आखडतात, पोहता येत नाही आणि मृत्यूची नोंद अनेकदा बुडून झाली अशी होऊ शकते. अमेरिकेत गोड्या पाण्यातील नौकातळांवर अशा घटना घडल्यानंतर तेथील राष्ट्रीय विद्युत संहितेत गळतीसंरक्षणाची तरतूद करण्यात आली आणि २०१७ च्या आवृत्तीत तिची मर्यादा ३० मिलीअँपिअरपर्यंत कडक करण्यात आली. कोणी पाण्यात धक्का लागून पडले, तर मागोमाग उडी न घेता आधी पुरवठा बंद करणे हाच बचावाचा पहिला नियम आहे.

पश्चिम महाराष्ट्रात कृष्णा व पंचगंगा यांच्या काठांवर उपसा सिंचनाचे असंख्य पंप आहेत. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मधील महापुरांत सांगली व कोल्हापूर जिल्ह्यांतील रोहित्रे, स्टार्टर पेट्या व मोटारी पाण्याखाली गेल्या. अशा वेळी पुरवठा बंद ठेवणे क्रमप्राप्त असते. खरी कसोटी पूर ओसरल्यावर लागते, कारण चिखलाने माखलेली पेटी आणि भिजलेले वेष्टन तपासल्याविना पुन्हा वीज सुरू करणे म्हणजे अपघाताला निमंत्रण देणे होय.

शेतीपंपांना आळीपाळीने दिवसा व रात्री वीज देण्याच्या पद्धतीमुळे शेतकऱ्याला अनेकदा अंधारात, ओल्या पायांनी पंपापर्यंत जावे लागते. ते टाळण्यासाठी बसविलेला ‘ऑटो स्विच’ वीज येताच पंप आपोआप सुरू करतो. त्या क्षणी कोणी विहिरीत उतरलेले असल्यास धोका वाढतो. एक फेज गेल्यावर किंवा तटस्थ तार तुटल्यावर जमिनीत सळई ठोकून दिवा लावण्याचा प्रकारही आढळतो. त्यामुळे परतीची धारा जमिनीतून वाहू लागते आणि सळईभोवतीची जमीन विद्युतभारित होते.

जमिनीचा परतीचा मार्ग म्हणून नियोजनपूर्वक उपयोगही करता येतो. न्यूझीलंडमध्ये १९२५ च्या सुमारास लॉइड मँडेनो यांनी एका तारेची अशी स्वस्त ग्रामीण वितरणपद्धती पुढे आणली. मात्र तेथे भूसंपर्काचा रोध कमी राखणे आणि तो नियमित मोजणे ही पूर्वअट असते. सळई ठोकून केलेल्या उपायात नेमकी हीच अट गळून पडते.

गोठ्यातील अल्प विद्युतदाब

प्राणघातक धक्क्यापेक्षा खूप कमी, परंतु सतत राहणारा विद्युतदाब हा या विषयाचा दुर्लक्षित पैलू आहे. गायीच्या शरीराचा रोध सुमारे ५०० ओहम धरला जातो. म्हणजे केवळ एक व्होल्ट फरकालाही तिच्यातून दोन मिलीअँपिअर धारा जाते. अमेरिकेतील विस्कॉन्सिन या दुग्धप्रधान राज्यात नियामकांनी हीच पातळी चिंतेची मर्यादा म्हणून स्वीकारली आहे. माणसाला पायातील चपलेमुळे काहीच जाणवत नाही. ओल्या फरशीवर उभे असलेले जनावर मात्र लोखंडी हौदाला तोंड लावताच मागे सरते, पाणी कमी पिते किंवा दूध काढताना अस्वस्थ होते. हीच लक्षणे आजारपणातही दिसतात. म्हणून पशुवैद्यकीय तपासणीबरोबर हौद व फरशी यांच्यातील दाब मोजणे उपयुक्त ठरते.

यावरील उपाय खर्चिक नाही. गोठ्याची फरशी घालतानाच सिमेंटखाली लोखंडी जाळी टाकून ती हौद, गव्हाणीचे खांब व अर्थिंग यांना जोडल्यास जनावर स्पर्श करील त्या सर्व भागांचा दाब जवळपास समान राहतो. दाबात फरक नसेल तर धाराही वाहत नाही. चांगल्या मुऱ्हा म्हशीची किंमत लाखाच्या घरात जाते, हे ध्यानात घेता या जाळीचा खर्च विम्याच्या हप्त्यासारखा मानता येईल.

कायद्याची चौकट

भारतीय विद्युत नियम, १९५६ नुसार ग्राहकाच्या जागेत योग्य भूसंपर्क अग्र उपलब्ध करून देणे व सुस्थितीत ठेवणे ही पुरवठादाराची जबाबदारी होती. २५० व्होल्टपेक्षा अधिक दाबाच्या जोडणीसाठी, म्हणजे त्रिफेज पंपासाठीही, ग्राहकाने स्वतःचे स्वतंत्र अर्थिंग करणे अपेक्षित होते. जबाबदारीची ही विभागणी पुढेही कायम राहिली. विद्युत अधिनियम, २००३ च्या कलम ५३ अन्वये सुरक्षिततेचे विनियम करण्याचा अधिकार केंद्रीय विद्युत प्राधिकरणास मिळाला. त्यानुसार २०१० मध्ये विनियम आले आणि २०२३ मध्ये त्यांची जागा नव्या विनियमांनी घेतली. कलम १६१ मध्ये अपघाताची सूचना व चौकशी, तर कलम १६२ मध्ये विद्युत निरीक्षकांची नेमणूक यांची तरतूद आहे.

सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये मध्य प्रदेश वीज मंडळाच्या प्रकरणात दिलेला निकाल परीक्षार्थींनी लक्षात ठेवावा असा आहे. पावसाचे पाणी साचलेल्या रस्त्यावर पडलेल्या जिवंत तारेमुळे एका सायकलस्वाराचा मृत्यू झाला होता. ती तार वीजचोरीसाठी दुसऱ्याच कोणी ओढली होती, असा मंडळाचा बचाव होता. न्यायालयाने तो अमान्य केला. विजेसारख्या धोकादायक वस्तूचा पुरवठा करणाऱ्यावर, त्याची चूक सिद्ध झाली नाही तरी, भरपाईची कठोर जबाबदारी येते, असे तत्त्व या निकालाने अधोरेखित केले.

दुर्लक्षाचे अर्थकारण

विज्ञान माहीत आहे, मानक आहे, कायदाही आहे. मग अर्थिंग दुर्लक्षित का राहते? अर्थशास्त्राच्या दृष्टीने याची चार कारणे संभवतात.

पहिले कारण माहितीच्या अभावाचे. चांगले आणि निकामी अर्थिंग बाहेरून सारखेच दिसते. फरक कळतो तो दोष उद्भवल्यावर. ज्या वस्तूचा दर्जा खरेदीदाराला पारखता येत नाही, तिच्यावर तो कमीत कमी खर्च करतो.

दुसरे कारण बाह्य परिणामांचे. सदोष पंपाचा मालक अर्थिंगचा खर्च वाचवितो, पण धक्का शेजाऱ्याला, मजुराला किंवा वाटेने जाणाऱ्या जनावराला बसू शकतो. रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी कुंपणात थेट २३० व्होल्टचा प्रवाह सोडणे हे याचे टोकाचे उदाहरण. प्रमाणित ‘झटका यंत्र’ अतिशय अल्पकाळाचे, ऊर्जा मर्यादित केलेले ठोके देते. थेट जोडलेली तार सलग आणि प्राणघातक धारा देते. असे कृत्य गुन्हा ठरते.

तिसरे कारण सामाईक मालमत्तेचे. रोहित्राच्या अर्थिंगचा लाभ त्यावरील सर्व ग्राहकांना मिळतो, म्हणून त्याची देखभाल कोणा एकाला स्वतःची वाटत नाही. तटस्थ तार तुटून काही घरांतील दाब अचानक वाढतो आणि उपकरणे जळतात, तेव्हाच त्याची आठवण होते.

चौथे कारण मोजमापाचे. फेब्रुवारी २००४ च्या व्याख्येनुसार रोहित्र व वाहिन्या, सार्वजनिक संस्थांना वीज आणि किमान दहा टक्के घरांना जोडणी असेल तर गाव विद्युतीकृत मानले गेले. एप्रिल २०१८ मध्ये सर्व गावांचे विद्युतीकरण पूर्ण झाल्याचे जाहीर झाले. सप्टेंबर २०१७ मध्ये सुरू झालेल्या सौभाग्य योजनेतून अडीच कोटींहून अधिक घरांना जोडण्या मिळाल्या. २०२१ च्या सुधारित वितरण क्षेत्र योजनेची प्रमुख उद्दिष्टे वितरणातील हानी आणि खर्च-उत्पन्नातील तफावत कमी करणे ही होती. ही सर्व मोठी कामे आहेत. तथापि यांपैकी कोणत्याही ठळक निर्देशकात भूसंपर्काचा रोध येत नाही. जे मोजले जाते त्यावर पैसा आणि मनुष्यबळ खर्च होते.

महाराष्ट्राने एप्रिल २०२४ पासून पाच वर्षांसाठी साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना मोफत वीज देण्याची योजना स्वीकारली. सुमारे ४४ लाख शेतकरी तिच्या कक्षेत येतात. वीजबिलाचा भार कमी झाला, तरी काही हजार रुपयांचे गळतीसंरक्षक साधन आणि अर्थिंग यांचा खर्च शेतकऱ्याकडेच राहतो. अनुदानाचा अल्पांश सुरक्षिततेकडे वळविल्यास त्याचा सामाजिक परतावा मोठा असू शकतो.

उपाययोजना

वरील विवेचनावरून पुढील उपाय सुचतात.

१. उन्हाळ्याच्या अखेरीस, माती सर्वाधिक कोरडी असताना, रोहित्रांच्या अर्थिंगचा रोध मोजावा आणि त्याची तारीखवार नोंद रोहित्रावरच रंगवावी. काळी माती या काळात भेगाळून पाइपापासून सुटते, म्हणून पावसाळ्यातील मोजणी दिशाभूल करू शकते.

२. मुरमाड व खडकाळ भागात एका पाइपाऐवजी परस्परांपासून पुरेशा अंतरावर अनेक पाइप पुरून ते जोडावेत.

३. नवीन पंपजोडणी देताना गळतीसंरक्षक साधनाची खातरजमा व्हावी. लांब केबलमुळे हे साधन वारंवार बंद पडते, अशी तक्रार येते आणि पाण्याची पाळी चुकू नये म्हणून ते वगळले जाते. अशा ठिकाणी योग्य मर्यादेचे साधन निवडणे आणि केबलचे सांधे दुरुस्त करणे हा मार्ग आहे.

४. नदीकाठच्या स्टार्टर पेट्या ज्ञात पूररेषेच्या वर असाव्यात. पुरानंतर तपासणीविना पुरवठा सुरू करू नये.

५. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील तारतंत्री विद्यार्थ्यांना रोधमापक यंत्र देऊन ग्रामपंचायतींच्या सहकार्याने विहिरी, गोठे, शाळा व पाणीपुरवठा केंद्रे यांची मोजणी करता येईल. यातून स्थानिक रोजगारही निर्माण होईल.

६. दिवसा वीज देणाऱ्या सौर कृषी वाहिन्यांचा विस्तार हा सुरक्षिततेचाही उपाय मानावा. मात्र सौरपंपांनाही भूसंपर्काची तितकीच गरज असते.

समारोप

ग्रामीण विद्युतीकरणाचा पहिला टप्पा तारा पोहोचविण्याचा होता, दुसरा घराघरात जोडणी देण्याचा. पुरेशी व खात्रीची वीज हे तिसऱ्या टप्प्याचे उद्दिष्ट मानले जाते. सुरक्षित वीज हा त्याचाच अविभाज्य भाग आहे. यमुनेच्या गाळात असो वा दख्खनच्या मुरमात, जमिनीखालचा तो पाइप दिसत नाही आणि त्याच्या उद्घाटनाचा सोहळाही होत नाही. त्याचा रोध वर्षातून एकदा मोजून लिहून ठेवण्याची शिस्त वितरण यंत्रणा, ग्रामपंचायत आणि शेतकरी यांनी मिळून स्वीकारली, तर आज टाळता येण्याजोगे असंख्य मृत्यू टळू शकतील.